दिवसा उडणारे पतंग कोणत्या फुलांवर येतात, याच्या नोंदी सामान्य माणसाला करता येतात का?

निश्चितच येतात, आणि त्यासाठी जंगलात जाण्याचीही आवश्यकता नाही. पावसाळ्यात घाणेरी किंवा पेंटासच्या फुलांपुढे थोडा वेळ उभे राहिल्यास पारदर्शक पंखांचा, हिरवट पिवळ्या अंगाचा, पोटावर तांबडा पट्टा असलेला आणि न बसता हवेतच तरंगत मध पिणारा एक कीटक दिसू शकतो. अनेक जण त्याला भुंगा समजतात, काही तर हमिंगबर्ड म्हणतात (तो पक्षी भारतात आढळतच नाही). प्रत्यक्षात तो सेफोनोडिस हायलस हा हॉक मॉथ गटातला पतंग असतो. कोषातून बाहेर पडताना त्याच्या पंखांवर खवले असतात, परंतु उडू लागताच ते झडून जातात. त्याच्या अळ्या अनंताची पाने खातात, म्हणून कुंडीतला अनंतही तपासावा.

नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवसृष्टीच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर करावी. तारीख, वेळ आणि ठिकाण आवश्यक आहेच. मात्र माझ्या मते बहुतेकांच्या नोंदी वनस्पतीपाशी अपुऱ्या पडतात. पतंगाची सोंड फुलात शिरलेली दिसेल असे एक छायाचित्र आणि पानांसह झाडाचे दुसरे छायाचित्र घेतल्यास, तो केवळ जवळून गेला की खरोखर मध प्यायला, हे अभ्यासकांना ठरवता येते. एकाच झुडपापाशी रोज दहा मिनिटे थांबावे आणि एकही पतंग आला नाही, तर तेही वहीत लिहावे. सुरुवातीसाठी जुलैअखेरचा राष्ट्रीय पतंग सप्ताह सोयीचा असून तो २०१२ पासून साजरा होतो.