गॅसची गोळी घेतली म्हणजे झालं का? दुखण्याच्या गोळ्यांवर वाचकांचे प्रश्न

या वेळी दुखण्याच्या गोळ्यांवरचे तीन प्रश्न घेतोय. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण तो घरोघरचा आहे.

प्रश्न : सर, सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात. हाडाच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी दहा दिवसांसाठी एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दिली होती, तीच चिठ्ठी दाखवून त्या अजून आणतात आणि सकाळ-संध्याकाळ घेतात. दुपारी कंबर धरली की कॉम्बिफ्लॅम, रात्री अंग दुखतं म्हणून डोलो ६५०. बीपीची टेल्मिसार्टन-एच चालू आहेच. मी काही बोलले की म्हणतात, "सकाळी गॅसची गोळी घेते ना मी, मग काय होतंय? तू काय डॉक्टरीण झालीस का?" कसं समजावू? (एक सून, सिन्नर)

उत्तर : ताई, आधी हिशोब करू. एसिक्लोफेनॅकच्या त्या गोळीत सहसा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, दोन गोळ्यांचं झालं ६५०, कॉम्बिफ्लॅममध्ये आणखी ३२५, आणि डोलो ६५० म्हणजे तर नुसतं पॅरासिटामॉलच. सगळं मिळून १६२५. मोठ्या माणसाने दिवसाला ४००० च्या वर जायचंच नाही, वय झालेल्या बारीक अंगाच्या बाईने ३००० च्या आतच राहिलेलं बरं, म्हणजे लिव्हर ठीक असेल तर इथे अजून जागा आहे. फक्त सर्दीच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजत जा.

खरा घोळ दुसरा आहे. एसिक्लोफेनॅक आणि कॉम्बिफ्लॅममधलं आयब्युप्रोफेन ही एकाच जातीची औषधं, सूज कमी करणारी. दोन्ही एका दिवसात घेतली तर आराम काही दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढतो. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनणं कमी करतात म्हणून दुखणं थांबतं, पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळत असतं आणि किडनीकडे रक्त नीट जातंय ना तेही बघत असतं. आता सासूबाईंची गॅसची गोळी, म्हणजे बहुतेक पँटोप्राझोल, ती ॲसिड कमी करते, त्यामुळे जठरात अल्सर व्हायचा धोका कमी होतो हे खरंय. पण किडनी, बीपी, हार्ट यांच्यासाठी ती काहीच करत नाही, आणि नेमकं तिथेच लोक फसतात, पोट जळत नाही म्हणजे सगळं सेफ असं धरून चालतात.

त्यात त्यांच्या बीपीच्या गोळीतला तो 'एच' म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि वरून दुखण्याची गोळी हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर एकदम लोड येऊ शकतो, जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हात पाणी कमी पडलं तर जास्तच. शिवाय दुखण्याच्या गोळीने बीपी वाढतो तो वेगळाच. पण म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नका हं, ती चालूच राहू दे, बंद करायची आहे ती कॉम्बिफ्लॅम, आजपासूनच. मग घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, जुन्या अर्धवट उरलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा, एसिक्लोफेनॅकची तरी आता गरज आहे का ते विचारा आणि बीपी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं), पोटॅशियम बघून घ्या. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चालेल का तेही विचारा, ते रक्तात फार कमी जातं, या वयात आधी तेच करून बघावं असं माझं स्पष्ट मत. जेल लावून वरून गरम पिशवीने शेकायचं मात्र नाही.

राहिलं समजावणं. तुम्ही समजावूच नका, त्यांनाच समजावू द्या. "आई, मला ना कोणती गोळी कशाची कळतच नाही, सांगा ना जरा" म्हणून स्ट्रिपा पुढ्यात ठेवा. त्या सांगतील तेव्हा कळेल नेमकं कुठे अडलंय. एसिक्लोफेनॅक आणि कॉम्बिफ्लॅम दोन्हीवर लाल मार्करने सारखीच खूण करा, लाल खुणेच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या एका दिवसात घ्यायच्या नाहीत, एवढंच. आणि हे मात्र दोघींनीही पाठ करा: शौचाला डांबरासारखं काळं होणं, कॉफीच्या गाळासारखी उलटी, लघवी कमी होणं, पायावर सूज, छातीत दुखणं, धाप लागणं. यातलं काहीही दिसलं की दुखण्याची गोळी बंद आणि सरळ हॉस्पिटल. वय झालेल्यांना पोटात अजिबात न दुखताही रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा दुखण्याची वाट बघू नका. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्या चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.)

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. एप्रिल छाटणीला मजूर बायका येतात, हात-कंबर भरून येते म्हणून सकाळीच चहाबरोबर डायक्लोफेनॅक मागतात, मी शेडमध्ये डबाच ठेवलाय. काही जणी गावात इंजेक्शन घेतात, म्हणतात त्याने पोटाला लागत नाही. बरोबर का? (दिंडोरी)

उत्तर : नाही दादा. इंजेक्शनचं औषधही रक्तातूनच जठरापर्यंत आणि किडनीपर्यंत पोचतं, गोळी तोंडातून गेली नाही एवढाच काय तो फरक. आणि एप्रिलचं ऊन, घाम, पाणी कमी, रिकाम्या पोटी नुसता चहा, त्यावर डायक्लोफेनॅक, यात किडनी सापडते. चैत्रात वणीला पायी जाणारेही असंच करतात. तो डबा काढून टाका. तुमच्याकडे डायक्लोफेनॅकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल बघा, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही यासाठीच असते. कोणती बाई गरोदर, कोणाला दमा, कोणाचा बीपी, हे तुम्हाला शेडमध्ये कुठून कळणार? शेडमध्ये पाण्याचा जार, ओआरएस आणि सावलीत थोडी सुट्टी ठेवा. तरीही दुखलं तर लिव्हरचा त्रास नसलेल्या मोठ्या माणसाला खाऊन झाल्यावर पॅरासिटामॉल ५०० पुरतं. आणि रोजच गोळी लागत असेल तर कामाच्या वाटपाचंच काहीतरी चुकतंय, हे तुम्हाला आवडणार नाही तरी लिहितो.

जाता जाता, तुमच्याकडे गुरं असतील म्हणून. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं, कारण ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद केल्या. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यावर अजून गिधाडं आहेत, तेव्हा शेडमधला डबा गोठ्यातही नेऊ नका.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. पाड्यावर बऱ्याच जणींना वाचता येत नाही, दुखण्याच्या गोळीबद्दल काय आणि कसं सांगू? आणि सांधेदुखीच्या पावडरी विकणारे येतात त्याचं काय? (पेठ)

उत्तर : ताई, लंबं लेक्चर नको. गोळी हातात देऊन उलट त्यांनाच विचारा, "घरी गेल्यावर सासूला काय सांगशील?" चुकलं तर रागवू नका, परत सांगा, परत विचारा. त्याआधी एवढं विचाराच: दिवस गेलेत का, दमा आहे का, आधी कधी पोटातून रक्त गेलंय का, आणखी कसली गोळी चालू आहे. पावसाळ्यात ताप आणि अंग मोडून आलं असेल तर तुमच्या किटमधलं पॅरासिटामॉलच द्या आणि तपासणीला पाठवा. डेंग्यू निघाला तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. हार्टसाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती तशीच चालू ठेवायची का बंद करायची हे डॉक्टर ठरवतील.

पावडरीचं म्हणाल तर दोन दिवसांत जादू झाली की मला संशय येतो, अशा काही पावडरींमध्ये गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय. चेहरा गोल सुजला, भूक फार वाढली, शुगर वाढली तर तसंच समजा. पण महिनोन्महिने घेणाऱ्या बाईला "फेकून दे" असं सांगू नका, स्टिरॉइड असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं. पुडीसकट तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.