न नागलीचा, पण नाव कोणाचं?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. मुलं घरी वारली बोलतात. तक्त्यावरचा 'न नळाचा' त्यांच्या डोक्यात बसेना, कारण पाड्यावर नळच नाही, पाणी विहिरीवरून आणतात. म्हणून दोन वर्षं खपून मी ४४ अक्षरकार्डं केली : न नागलीचा (म्हणजे नाचणीचा), म मोहाचा, ख खेकड्याचा. चित्रं माझ्याच हातची. त्यांचे फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. गेल्या जूनमध्ये एका खासगी प्रकाशकाची ६० रुपयांची सरावपुस्तिका हातात आली. आत माझीच चित्रं आणि माझं नाव कुठेच नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्हीच टाकलीत, आता हक्क कसला?" घरचे म्हणतात, यापुढे कोणाला काही देऊ नकोस. खरंच माझा हक्क संपला का? आणि देणं थांबवू का?
— एक शिक्षिका, ता. मोखाडा, जि. पालघर

उत्तर : ताई, तुमचा हक्क संपलेला नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र कागदावर उतरलं की हक्क तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि ग्रुपवर टाकल्याने तो जात नाही. नागलीवरून 'न' शिकवण्याची कल्पना कोणीही घेऊ शकतं, पण तुम्ही काढलेलं नागलीचं कणीस उचलून छापता येत नाही.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी कलम १७ प्रमाणे नोकरी देणाऱ्याकडे जाऊ शकते. कार्डं तुम्ही घरी बसून, पदरच्या पैशाने केली असली तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून तसं लेखी घेऊन ठेवा. मालकी कोणाचीही ठरो, 'हे मी केलं' असं सांगण्याचा हक्क कलम ५७ ने कर्त्यालाच दिलेला आहे. तेवढ्या बळावर प्रकाशकाला स्पीड पोस्टाने पत्र टाका. मूळ कार्डांच्या प्रती आणि ग्रुपवरचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडा. पुढच्या छपाईत नाव घाला, नाहीतर चित्रं काढा, अशी स्पष्ट मागणी करा.

आता देण्याबद्दल. घरच्यांचा राग मला कळतो, पण थांबू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यात चौथीला शिकवायचे तेव्हा नारळ, काजू, होड्या घालून गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचा एक संच केला होता. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर प्रती काढल्या आणि एका प्रशिक्षणात वाटल्या. चार महिन्यांनी जत तालुक्यातल्या एका गुरुजींचं पाकीट आलं. त्यांनी नारळांच्या जागी शेळ्या घातल्या होत्या, होडीच्या जागी टँकर. 'टँकरमधून १०,००० लिटर पाणी आलं, वाडीत ४० घरं, प्रत्येक घराला किती?' शिवाय माझ्या बाराव्या उदाहरणाचं उत्तर चुकलं होतं, तेही लाल शाईने दुरुस्त करून पाठवलं होतं. ते टँकरचं उदाहरण मी मे महिन्याच्या तोंडावर माझ्या वर्गात घेतलं. पावसाळ्यात घर गळतं आणि उन्हाळ्यात विहीर आटते अशा गावची पोरं ती. उत्तर २५० आल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरी माणसं नऊ, शेजारी दोन. सारखं कसं वाटायचं?" पुढचा अख्खा तास त्यावर गेला. मी कागद कपाटात ठेवला असता तर हा तास मला मिळाला नसता.

तुमच्या बाबतीत चुकलं ते एवढंच, की कार्डं अटी न लिहिता बाहेर पडली. घेणाऱ्या चांगल्या शिक्षकालाही कळलं नसेल, बदलू का, छापू का, नाव कोणाचं घालू. याच अडचणीसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत, म्हणजे 'माझं काम या अटींवर वापरा' असं कर्त्याने आधीच सांगून ठेवण्याचे तयार नमुने. पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात आले. त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव रूढ झालं. त्यात मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात, पण हक्क बालभारतीकडेच राहतात. मुक्त साहित्य घेणाऱ्याला ते बदलून पुन्हा वाटण्याची परवानगी आधीच, लेखी दिलेली असते.

माझा सल्ला 'सीसी बाय-एसए' या परवान्याचा (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स). वापरा, बदला, वाटा. पण मूळ कर्त्याचं नाव ठेवा, काय बदललं ते सांगा, आणि बदललेली आवृत्तीही याच अटीवर खुली ठेवा. यात विक्रीला मनाई नाही, हे आधीच समजून घ्या. ते सलत असेल तर अ-व्यापारी अट जोडता येते. मी मात्र जोडत नाही, कारण तालुक्याच्या ठिकाणी छापून चार रुपये नफ्याने विकणारा दुकानदारही त्यात अडकतो. 'फेरफार नको' ही अट शाळेच्या साहित्यावर कधीच घालू नका. उद्या धडगावच्या बाईंना खेकडा काढून दुसरं काही घालायचं असेल तर त्यांचा हात धरला जाईल. आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणून दोन दिवस विचार करा, मग प्रत्येक कार्डाच्या तळाशी लिहा : 'चित्रे व मजकूर : (तुमचं नाव), सीसी बाय-एसए ४.०' (४.० हा परवान्याच्या आवृत्तीचा क्रमांक). नाव पहिल्याच पानावर नको, प्रत्येक कार्डावर हवं, कारण कार्डं सुटी फिरतात.

फोनवरचा फोटो पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तो दाबला जातो आणि छापताना रेघा फुटतात. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येतील अशी टाइप करा, आणि पीडीएफबरोबर बदलता येणारी फाईलही द्या. माझ्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं दिसायची. सगळ्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या.

चित्रं विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या ऑनलाइन साठ्यावर चढवता येतील. कार्डांच्या गोष्टी करायच्या असतील तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ पाहा. २०१५ पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि त्या बदलून वापरायला मुभा आहे. इंटरनेटवरून उचललेलं एखादं चित्र तुमच्या ४४ मध्ये असेल तर ते आधी काढा. जे आपलं नाही त्याची परवानगी आपण देऊ शकत नाही.

पत्रासोबत पाठवलेलं 'ख'चं कार्ड माझ्या टेबलावर आहे. पाठीची खरबरीत कड फार छान उतरली आहे. पण पाय सहाच दिसतात. नांग्या धरून दहा हवेत. तुमची पोरं ओढ्यात खेकडे धरणारी, ती मोजतील. स्कॅन करण्याआधी तेवढे काढा, आणि फाईल झाली की मलाही पाठवा.