आईवडील नाशिकला, आपण कॅनडात: निघण्याआधी काय ठरवावं

तू लिहिलंयस की कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आलाय, आईवडील इंदिरानगरला असतात, दोघंही सत्तरीपुढचे. दोनेक वर्षांत त्यांना तिकडे बोलावून घ्यायचं ठरतंय, बहीण मात्र नाशिकलाच आहे. जावं का, असा तुझा प्रश्न. मी वयाने बरीच मोठी, म्हणून एकेरीतच लिहिते.

जा. जरूर जा. पण 'बोलावून घेऊ' या भरवशावर जाऊ नकोस. आईवडिलांना कायमचं आणायची योजना आहे, पण तिथे निमंत्रण मिळेलच याचा काही भरवसा नाही. आईवडिलांना भेटीसाठी मिळणाऱ्या सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षं राहता येतं, मात्र त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा आधी काढावा लागतो. वय जास्त, त्यात बीपी-शुगर असली की हप्ता चांगलाच चढतो. शिवाय या वयात माणसाला आपली गल्ली लागते. माझी आई एक हिवाळा इथे टोरोंटोत माझ्याकडे राहिली आणि म्हणाली, "मला घरी नेऊन सोड, इथे दार वाजवायलासुद्धा कुणी येत नाही." ते नाशिकलाच राहणार असं धरून चाल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. घराचं कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तर निघण्याआधीच कर. परदेशातून केलंस तर वकिलातीत खेटे, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. वडिलांना पेन्शन असेल तर ते खातं आईबरोबर जॉइंट आहे ना, ते बघ. माझे वडील, अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले होते. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पासबुक, सगळं वहिनीने एका फायलीत लावून ठेवलं होतं, म्हणून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन विनात्रास सुरू झालं.

आता जे कुणी बोलत नाही ते. वडील गेले तेव्हा दादाचा फोन आला, "थांबायचं का तुझ्यासाठी?" इथून टोरोंटो-मुंबई, पुढे कसारा घाट, कितीही धावपळ केली तरी दीड-दोन दिवस. मी म्हटलं, थांबू नका. तेवढं बोलू शकले, कारण वडिलांनीच आम्हा दोघांना समोर बसवून सांगून ठेवलं होतं: मला बर्फावर ठेवून कुणाची वाट बघायची नाही. त्यांचे हे उपकार मी रोज आठवते. नाहीतर तो निर्णय जन्मभर मला किंवा दादाला टोचत राहिला असता. तुझ्या वडिलांशी हे बोल. अभद्र वाटेल, तरी बोल.

दहाव्याला मी रामकुंडावर होते. पिंड ठेवले, कावळा शिवेना. दादाने हात जोडले, मी जोडले, चुलत्यांनी कायकाय कबूल केलं. मग वहिनी पुढे आली आणि म्हणाली, "अण्णा, आईंना मी बघते." कावळा आला. कुणी याला योगायोग म्हणेल. मला त्या घाटावर एवढंच कळलं की अण्णांचा जीव कुणाच्या शब्दावर होता. पाच वर्षं त्यांची औषधं, त्यांची पथ्याची भाकरी, रात्री उठून बाथरूमपर्यंत धरून नेणं, सगळं तिने केलं होतं. मी पैसे पाठवत होते. पैसे लागतातच, पण रात्री दोनला पैसे उठत नाहीत.

म्हणून मी दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत जाते आणि त्या दिवसांत आईचं सगळं माझ्याकडे. वहिनी माहेरी येवल्याला जाते, मैत्रिणींबरोबर फिरते. ते दिवस तिचे, त्यात मी पाहुणी म्हणून बसत नाही.

तुझ्या पत्रात बहिणीचा उल्लेख एका ओळीत आलाय, 'ती आहेच.' तिला विचारलंस का? तिची नोकरी, तिचे सासूसासरे, तिची मुलं, यात तुझे आईवडील कुठे बसतात, हे तिच्याकडूनच ऐक. आईवडिलांसमोर नको, ती नाही म्हणू शकणार नाही. एकटीला भेट, आणि तिने जे जमणार नाही म्हणून सांगितलं त्यासाठी पगारी माणूस तू निघायच्या आधीच लावून दे.