यूटसाठी स्टीलचा ट्रे घरच्या घरी बनवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टनजवळ भाजीपाल्याची शेती आहे, जुनी सिंगल कॅब हायलक्स यूट (इथे पिकअपला यूट म्हणतात) घेतली आहे, तिचा ट्रे, म्हणजे मागचा हौदा, गंजून चाळण झालाय, घरी मिग वेल्डर आहे आणि फवारणीची ५०० लिटरची टाकी त्यावर कायमची बसवायची आहे. तयार ट्रे विकत घ्यावा की स्वतः बनवावा, हा प्रश्न.

बनवा. मी कोल्हापुरात आयटीआयला वेल्डिंग शिकलो, आता जिलाँगला ट्रेलर आणि ट्रकच्या बॉडी बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो, आणि माझ्या स्वतःच्या यूटचा ट्रे घरच्या शेडमध्येच बनवलाय. पैसे वाचवणं एवढाच हेतू असेल तर मात्र सेकंडहँड ट्रे घेऊन दुरुस्त करणं स्वस्त पडेल. टाकी, तिच्या पंपाची जागा, खाली अवजारांची पेटी, हे सगळं तुमच्या मापाने हवं असेल तरच घरी बनवण्यात अर्थ आहे, आणि तुमच्या बाबतीत तो आहे.

तुमच्या प्रश्नात सगळी काळजी वेल्डिंगची दिसते: जोड टिकतील का, किती अँपिअर ठेवू. मला जास्त काळजी वजनाची वाटते. ट्रे किती जड होणार आणि त्यावरचा माल मागच्या अॅक्सलच्या पुढे बसणार की मागे, हे कागदावर ठरल्याशिवाय एकही पाइप कापू नका.

हिशोब सोपा आहे. स्टीलचा ३ मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण २३.५ किलो भरतो, २ मिमीचा १५.७ किलो. ट्रे २४०० बाय १८०० मिमीचा धरला तर नुसती फरशी ३ मिमीत १०२ किलो, २ मिमीत ६८. खाली चासीला समांतर दोन बीम, ७५ बाय ५० बाय ३ चे: २६ किलो. त्यावर दर ४०० मिमीला एक आडवा चौकोनी पाइप, ५० बाय ५० बाय २ चा, असे सात: ३७ किलो. बाजूच्या कडा २० च्या आसपास, केबिनमागची जाळी तेवढीच, तिन्ही बाजूंचे फाळके बिजागऱ्या-कड्यांसह ३५. २ मिमीची फरशी घेतली तर मडगार्ड आणि लाइट धरून सव्वादोनशे किलो होतात. आता ‘मजबूत हवा’ म्हणून सगळीकडे एकेक मिमी जाडी वाढवली की हाच ट्रे सव्वातीनशेवर जातो. आपल्याकडच्या माणसाला हा मोह फार होतो, कारण लहानपणापासून आपण जाड म्हणजे टिकाऊ असंच ऐकलेलं असतं.

ते शंभर किलो कुठून वजा होतात बघा. समजा गाडीच्या प्लेटवर जीव्हीएम, म्हणजे मालासकट कमाल वजन, ३००० किलो आहे आणि डिझेलची टाकी भरून, ट्रेशिवाय गाडी १७०० भरते. राहिले १३००. ट्रे २२५, दोन माणसं १६०, पाण्याने भरलेली फवारणीची टाकी पंपासह ५५०. भाजीच्या क्रेटसाठी उरले ३६५. जड ट्रे बनवला तर २६५. तुमच्या गाडीचे खरे आकडे दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंजिनाजवळच्या प्लेटवरून आणि मॅन्युअलमधून घ्या. माझे फक्त हिशोबाची रीत दाखवण्यासाठी आहेत.

आता जागा. २००५ नंतरच्या बहुतेक हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिमी आहे. ५०० किलो पाणी मागच्या अॅक्सलच्या एक मीटर मागे ठेवलं, तर मागच्या अॅक्सलवर ५०० नाही, ६६२ किलो येतात आणि पुढची चाकं १६२ किलोंनी हलकी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग सैल आणि ब्रेकची पकड कमी. तीच टाकी अॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे, केबिनच्या जाळीला चिकटवून ठेवली, तर मागे ४१९ आणि पुढे ८१ असं वजन वाटलं जातं. वाकलेल्या चासी मी कामावर पाहिल्या आहेत. केबिनच्या मागे, दोन्ही बीमवर सारखाच वाक. अशा गाड्यांवर बहुतेक वेळा एकूण वजन मर्यादेतच होतं, फक्त ते शेपटाकडे होतं, आणि खड्ड्यात चाक आपटलं की त्या वजनाचा झटका कित्येक पटींनी वाढतो. मागचे पाटे बदलून किंवा त्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) घालून गाडी सरळ दिसायला लागते, पण चासीवरचा ताण त्याने कमी होत नाही. म्हणून ट्रेचा मध्य मागच्या अॅक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे, आणि टाकी अगदी पुढे. टाकीत आतून आडपडदे असलेलीच घ्या; अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला ओढते.

कायद्याने मागच्या अॅक्सलच्या मध्यापासून गाडीच्या शेवटापर्यंतचं अंतर व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तुमच्या गाडीला ते १८५१ मिमी होतं. त्याच्या जवळपासही जाऊ नका असं मी म्हणेन. गाडीची रुंदी कमाल २.५ मीटर, पण ट्रे केबिनपेक्षा फार रुंद केला तर आरशात मागचं दिसत नाही. जुना ट्रे काढून तशाच मापाचा नवा बसवणं हे साधं काम आहे. जीव्हीएम वाढवणं किंवा चासी कापून लांबवणं मनात असेल तर व्हिक्टोरियात ‘व्हॅस’ यादीतल्या (गाडीतले बदल तपासून मंजूर करणाऱ्या) अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. विमा कंपनीलाही बदल कळवून ठेवा. (महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: पिकअपचा हौदा असा स्वतः बदलण्याआधी आरटीओला विचारा. नोंदणीपत्रावरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.)

चासीला भोक पाडू नका आणि वेल्डचा ठिपकाही लावू नका. जुना ट्रे ज्या ब्रॅकेटवर बोल्टने बसला होता त्याच जागा वापरा, बोल्ट ८.८ ग्रेडचे नवे घ्या. ट्रेचे दोन लांब बीम चासीवर पूर्ण लांबीभर टेकू द्या, मधे रबराची पट्टी घाला, आणि बीमचं पुढचं टोक तिरकं कापा म्हणजे सगळा भार एका रेषेवर येणार नाही. केबिन रबरी बुशवर बसलेली असते आणि ट्रे चासीवर, दोघं वेगवेगळी हलतात. त्यामुळे मधे ४० ते ५० मिमी फट हवीच. चाक पूर्ण वर दबल्यावर मडगार्डला लागत नाही ना, हेही आधी बघा, एका बाजूचं चाक उंचावर चढवून.

वेल्डिंगचं म्हणाल तर ३ मिमीच्या आतल्या पाइपांना तुमचा मिग वेल्डर पुरतो, ०.८ ची तार, आर्गॉन-सीओटू मिश्रण. शेड उघडी असेल आणि वारा येत असेल तर गॅसलेस तार बरी. पाइपावरची काळी पापडी आणि तेल जोडापाशी ग्राइंडरने पूर्ण काढा. चौकट सपाट जमिनीवर मांडा, गुण्या लावा, सगळीकडे फक्त टाके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते दोन मिमीच्या आत जुळले की मगच पूर्ण जोड, तेही एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात उड्या मारत. फरशीचा पत्रा सलग वेल्ड केला तर तो पापडासारखा फुगतो. तीसेक मिमीचा टाका, मग दीडशे मिमी मोकळं, असं मधून बाहेर जात करा आणि उरलेल्या फटी सीलंटने भरा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल. शक्यतो सगळं वेल्डिंग ट्रे गाडीवर चढवण्याआधी संपवा. गाडीवर करायचीच वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

वेल्डरला १५ अँपिअरचा प्लग असेल तर त्याची अर्थिंगची पिन रुंद असते. ती कानशीने घासून १० च्या सॉकेटमध्ये घालणारे भेटतील. तसं करू नका, इलेक्ट्रिशियनकडून १५ चं सॉकेट बसवून घ्या. टोटल फायर बॅनच्या दिवशी (वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर आग पेटवायला सरकारी बंदी असते त्या दिवशी) उघड्यावर वेल्डिंग आणि ग्राइंडिंग बंद. तुमच्या भागातल्या उन्हाळ्यात हे दिवस येतातच, आणि ग्राइंडरची ठिणगी वाळक्या गवतात किती लांब जाते ते तुम्हाला सांगायला नको.

धुराचा मुद्दा मला फार जवळचा आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरणार असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडे ‘दूध पी, बरं वाटेल’ म्हणायचे, इथलेही जुने वेल्डर तेच म्हणतात. दुधाने फुप्फुसात गेलेलं काही बाहेर येत नाही. साध्या लोखंडाचा धूरही वाईटच. जानेवारी २०२४ पासून ऑस्ट्रेलियात कामाच्या ठिकाणी वेल्डिंगच्या धुराची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅमवरून १ वर आणली, ती उगीच नाही. घरी तुम्हाला कुणी तपासायला येणार नाही, तरी पी-२ मास्क (बारीक कण अडवणारा) घाला आणि शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा.

गंजापासून वाचवायला दोन वाटा आहेत. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणं, उत्तम, पण पातळ पत्रा त्यात वाकडा होऊ शकतो, आणि प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना भोकं असायलाच हवीत. वितळलेलं जस्त ४५० अंशांच्या आसपास असतं. बंद पाइपात थोडी ओल अडकली तरी तो तिथे स्फोटासारखा फुटतो. त्यामुळे चौकट बनवण्याआधीच गॅल्व्हनायझिंगवाल्याला विचारून भोकांच्या जागा ठरवा. फवारणीची खतं आणि औषधं सांडणार म्हणून मी तुम्हाला हीच वाट सुचवीन, फरशी वेगळी बोल्टने बसवून. खर्च नको असेल तर झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी, मग टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचा) रंग, आणि पाइपांच्या आतून मेणाचा फवारा.

टेललाइट, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, नंबरप्लेटचा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर कडेच्या खाली बसवा, आणि मागचा फाळका उघडून खाली सोडला तरी झाकले जाणार नाहीत अशी जागा मोजून घ्या. एलईडी लावले आणि इंडिकेटर भरभर लुकलुकायला लागला तर रेझिस्टर जोडावा लागेल.

सगळं झालं की डिझेल भरून, फवारणीची टाकी रिकामी ठेवून गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा अॅक्सल वेगवेगळा तोला. मग टाकी पाण्याने भरून पुन्हा तोला. दोन्ही वेळचा मागच्या अॅक्सलचा आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

गाडीचं वर्ष, प्लेटवरचा जीव्हीएम, केबिनच्या मागच्या काचेपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि टाकीची लांबी-रुंदी इथे लिहिलीत तर टाकी नेमकी कुठे ठेवायची आणि आडवे पाइप किती अंतरावर घ्यायचे, ते मी काढून देतो.