अजून लाळेरं? की आत्ताच सोडलं?

पत्र मोठं होतं, थोडं आवरून देते:

«ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. गेले तीन आठवडे लाळेरं बांधू देत नाही. गळ्याशी नेलं की मान फिरवतो, कसंबसं बांधलं तर वेलक्रो खर्रकन ओढून फेकतो. बांधलं नाही तर दिवसाला चार शर्ट. नवरा म्हणतो, रडला तरी बांध, एकदा सूट दिलीस की संपलं. सासूबाई सांगतात, वन्संचा मुलगा दीड वर्षाचा असताना कण न सांडता जेवायचा. परवा एका घरगुती समारंभात एकीनं विचारलं, "अजून लाळेरं लावतेस?" मी काढलं. पाच मिनिटांत छाती भरली, तर दुसरी म्हणाली, "अगं, लाळेरं तरी बांधायचं!" मी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि भराभरा भरवलं. तो रडला. घरी आल्यावर मीही रडले. लाळेरं नक्की कधी बंद करायचं? माझं काही चुकतंय का? आणि कपाटात चौदा लाळेरी पडली आहेत, त्यांचं काय करू? – दमलेली आई»

तुला 'तू'च म्हणते. चार शर्ट रोज धुणाऱ्या बाईला 'आपण' म्हणणं मला जमायचं नाही.

त्या दोघींनी पाच मिनिटांच्या अंतरानं दोन उलट गोष्टी सांगितल्या, त्यातच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. लाळेरं सोडायचं ठरलेलं वय नसतं. बहुतेक घरांत ते दोन ते तीन वर्षांच्या मधे कधीतरी सुटतं, आणि पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. पातळ पदार्थांपुरतं कुणी पुढेही बांधतं, कुणी दीड वर्षातच सोडून देतं. लाळ गळते म्हणून बांधायचे दिवस तर त्याआधीच सरतात. बहुतेक मुलांची लाळ दीड-दोन वर्षांपर्यंत आटोक्यात येते. म्हणजे तुझ्याकडचं लाळेरं आता फक्त शर्टासाठी आहे. मुलाला त्याची गरज नाही, गरज आहे ती कपडे धुणाऱ्याला. हे एकदा मनाशी कबूल केलंस की भांडण निम्मं हलकं होईल.

आता तो का सांडतो, ते सांगते. उद्या जेवताना त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, मनगटाकडे बघ. चमचा मुठीत धरलेला असेल, तळवा खाली. वाटीतून भरून वर येईपर्यंत सगळं ठीक चालतं. तोंडाशी आल्यावर चमचा सपाट ठेवायचा तर हात कोपरापासून वळवावा लागतो, आणि नेमकं तेच वळण अजून पक्कं झालेलं नसतं. चमचा कलंडतो, अर्धा घास तोंडात, अर्धा छातीवर. मग तो खाली बघतो, बोटानं तो घास उचलतो आणि खातो. आपल्याला ते ओंगळ वाटतं, पण त्याच्या दृष्टीनं त्याचं काम फत्ते झालेलं असतं.

साधारण नऊ-दहा महिन्यांपासून मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक तुकडा धरू लागतं. दीड वर्षाच्या आसपास चमच्याशी झटापट सुरू होते, दोनच्या सुमारास चमच्यानं जेवण जमायला लागतं आणि काटा बहुधा तिसऱ्या वर्षात. 'जमायला लागतं' याचा अर्थ 'सांडत नाही' असा नव्हे. तेव्हा सव्वादोन वर्षांचा तुझा मुलगा जिथे असायला हवा तिथेच आहे.

मग वन्संचा मुलगा? सासूबाई खोटं बोलत नसणार. पण आठवणीतल्या मुलांचे कपडे नेहमीच स्वच्छ असतात, आणि दीड वर्षाचं मूल कण न सांडता जेवत असेल तर चमचा बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या हातात असतो. हे त्यांना ऐकवायला जाऊ नकोस. "हो ना, तो शहाणाच होता" म्हण आणि पुढे जा.

चमचा हिसकावल्याबद्दल तू फार मनाला लावून घेतलं आहेस. एका दिवसानं काही बिघडत नाही. मी तर माझ्या मुलीच्या बाबतीत महिनोन्महिने याहून वाईट करत होते. प्रत्येक घासानंतर चमच्याच्या कडेनं तिची हनुवटी निपटायचे आणि तेच पुन्हा तोंडात सारायचे. ती घास घ्यायच्या आधीच डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं तिला चव आवडत नाही. एकदा माझ्या आईनं माझाच हात धरून तसाच चमचा माझ्या हनुवटीवरून फिरवला, तेव्हा कळलं. त्यानंतर जेवण संपेपर्यंत तिचं तोंड पुसायचं नाही, असं ठरवलं. शेवटी एकदाच, ओल्या मऊ फडक्यानं, तेही आधी तिच्या हातात देऊन. जेवणं शांत झाली. फरशी तशीच राहिली, ते सोड.

रोज मात्र चमचा काढून घेऊ नकोस. खायला काय द्यायचं, कधी आणि कुठे बसून, हे आईबापांनी ठरवावं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं ठरवावं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली ही वाटणी मला फार पटते. निम्मं सांडलं तर पोटात काय गेलं, ही धास्तीही जरा कमी कर. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोची भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. वजन आपल्या गतीनं वाढत असेल, मूल खेळतं असेल, तर सांडलेल्या घासांचा हिशेब ठेवू नकोस.

नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, नाही असं नाही. घरात दोघांचा नियम एकच हवा. पण रडत्या मुलाला धरून लाळेरं बांधायचं, तर जेवणाची सुरुवात रोज कुस्तीनं होणार, आणि थोड्या दिवसांत तो खुर्ची बघूनच पळेल. त्यापेक्षा आधी ते लाळेरं स्वतःच्या गळ्याला लावून बघा, दोघंही. वेलक्रोची खरखरीत कड मानेला घासते का? धुवून नीट वाळलं नाही म्हणून गळपट्टी ओलसर असते का? घडीत कुबट वास बसलाय? सिलिकॉनचं असेल तर त्याला साबणाचा वास धरून राहतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं वर्षभराचं वैर केवळ टोचणाऱ्या बटणाशी होतं.

त्यातलं काही नसेल, तर "मला नको" हेच त्याचं कारण आहे, आणि या वयात ते पुरेसं कारण आहे. "लाळेरं बांधू का?" विचारलंस तर "नाही" येणारच. "हे की ते?" विचार. दोन्हीला नकार आला तर बाबाचा जुना टी-शर्ट अंगावर चढव, बाह्या दुमडून. तो गळ्याशी बांधायचा नसतो आणि बाबाचा असतो, म्हणून चालून जातो. उकाडा असेल तर उघड्या अंगानं जेवू दे. माझं विचारशील तर तुमचं लाळेरं आता सुटलं. फक्त सूपसारख्या पातळ पदार्थाला टी-शर्ट, बाकी वेळी काही नाही, एवढा करार नवऱ्याशी कर. तरी त्याला पुरावा हवा असेल, तर आठवडाभर जेवण झाल्यावर टी-शर्टाची छाती तपासा. ज्या जेवणाला ती कोरडी राहते, त्या जेवणाला टी-शर्टही बंद.

सांडणं कमी करायला लाळेऱ्यापेक्षा इतर गोष्टी जास्त उपयोगी पडतात. ताटलीत एका वेळी दोनच चमचे वाढ, संपलं की पुन्हा. दांडा आखूड आणि जाड, खोलगट चमचा. घट्ट पदार्थ चमच्यावर टिकतात, तेव्हा सराव दह्यासारख्या पदार्थावर होऊ दे. आणि पाय! लोंबकळत्या पायांनी मूल डगमगतं आणि हातही डगमगतो. पायाखाली स्टूल दे. खुर्चीखाली जुनी चादर. जेवणाला वीस-तीस मिनिटं पुरे. फेकाफेक सुरू झाली म्हणजे पोट भरलं, न रागावता ताटली उचल. दुधाचा किंवा अंड्याचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्यानं तो आणखी पक्का बसतो.

दोन गोष्टी मात्र करू नकोस. सांडलं म्हणून शिक्षा म्हणून लाळेरं परत आणू नकोस, आणि "तू काय बाळ आहेस का?" हे कुणालाही म्हणू देऊ नकोस. समारंभातल्या बायकांनाही नाही. तिथे बदलायचा शर्ट पिशवीत टाकून जा आणि हसून "शिकतोय तो" एवढंच म्हण.

एक काळजीची ओळ लिहिते, कारण सगळंच 'होईल ठीक' म्हणून सोडता येत नाही. गिळताना वरचेवर ठसका लागत असेल, मऊ पातळाशिवाय काहीच खात नसेल, चमचा किंवा हात तोंडापर्यंत नेतच नसेल, वजन थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. आणि लाळेरं बांधलेलं असताना त्याला कधी झोपू देऊ नकोस. ते गळ्याला आवळण्याचा धोका असतो.

राहिली चौदा लाळेरी. बाह्यांची असतील ती रंगकामासाठी ठेव, तिथे तो आनंदानं घालेल. सिलिकॉनची कुणाला हवी असतील तर देऊन टाक. कापडी मात्र ठेवून घे, त्यांच्यासारखं फडकं नाही. जेवण झालं की एक ओलं करून त्याच्याच हातात दे, टेबल पुसायला. तो आधी टेबल पुसेल, मग स्वतःचं तोंड, आणि मग त्याच फडक्यानं बहुधा तुझं.