स्वादुपिंडाचा रक्तप्रवाह पाहायचा तर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’ असे आले. डॉप्लर केले तर रक्तपुरवठा तरी कळेल का?

उत्तर: नाही. डॉप्लर म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफीच. ध्वनिलहरी त्याच, त्यामुळे अडथळाही तोच. हे पिंड जठराच्या मागे दडलेले आणि हवेपलीकडे लहरी जात नाहीत. शिवाय डॉप्लरला मोठ्या रक्तवाहिन्यांतला वेग कळतो, केशवाहिन्यांतले रक्त कळत नाही. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून केलेल्या सोनोग्राफीत ते दिसते आणि मूत्रपिंडावर भारही येत नाही, वायू श्वासावाटे निघून जातो. पण गॅस आडवा आला तर तिचीही गत तीच. मग दुर्बिणीच्या टोकाला बसवलेला प्रोब जठरात उतरवून भिंतीतूनच पाहायचे.

प्रश्न: वडिलांना डाय (चित्रात रक्त उजळ दाखवणारे औषध) एकदाच दिला, पण सीटीचे तीन फेरे झाले. मशीन बिघडले होते का?

उत्तर: मशीन ठणठणीत होते! पहिला फेरा डायशिवाय असतो. मग तंत्रज्ञ पडद्यावर महाधमनीत एक छोटे वर्तुळ ठेवतो. डाय तिथे पोहोचून उजळपणाचा आकडा चढला की थोड्या सेकंदांनी दुसरा फेरा सुटतो. हृदय मंद चालत असेल तर डाय उशिरा येतो, म्हणून नुसत्या घड्याळावर विसंबायचे नाही. साधारण 40 ते 45 सेकंदांना स्वादुपिंड सर्वाधिक उजळते. तिथला नेहमीचा कर्करोग तंतुमय, रक्ताला पारखा; म्हणून तो त्या उजेडात काळसर डागासारखा उठून दिसतो. संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठी उलट रक्ताने भरलेल्या, त्या याच वेळी चमकून जातात. 70 सेकंदांच्या आसपासचा तिसरा फेरा शिरा आणि यकृतासाठी. तेवढाच एक फेरा केलेले सीटी लोक माझ्याकडे घेऊन येतात, तेव्हा लहान गाठ नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

प्रश्न: स्वादुपिंडाला तीव्र सूज आहे. डॉक्टर लगेच सीटी का करत नाहीत?

उत्तर: पोटदुखी आणि रक्तातल्या लायपेजवरून (स्वादुपिंडाचे पाचक विकर) निदान पक्के असेल तर घाई नको. मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, म्हणून तो डायने उजळत नाही. पण पहिल्या दोन दिवसांत ही सीमारेषा धूसर असते आणि नुकसान कमी वाटू शकते. 72 तासांनंतरचे चित्र भरवशाचे. निदानच डळमळीत असेल किंवा प्रकृती ढासळत असेल, तर अर्थातच थांबायचे नाही.

प्रश्न: परफ्यूजन सीटीचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे आले. खरे कोणते?

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात. इथे एकाच भागाचे दर एक-दोन सेकंदांनी चित्र घेतात, डायच्या चढउताराचा आलेख काढतात आणि 100 मिलिलिटर ऊतीतून मिनिटाला किती रक्त वाहते ते मोजतात. सॉफ्टवेअरचे गणित बदलले की उत्तर बदलते. श्वासाने पिंड हलले तरीही. तुलना करायची तर तेच मशीन, तेच सॉफ्टवेअर. किरणोत्सर्गही जास्त, त्यामुळे सरसकट करायची ही तपासणी नव्हे.

प्रश्न: सुई न टोचता एमआरआयमध्ये हे दिसते का?

उत्तर: दिसते. रेडिओलहरींनी रक्तावरच चुंबकीय खूण करता येते. पण श्वासागणिक चित्र हलते, म्हणून स्वादुपिंडासाठी ही पद्धत अजून बहुतांशी संशोधनातच आहे.