कायदा एकच, मग बेवारस गाडी शेजारच्या शहरात लगेच उचलतात आणि आमच्याकडे का नाही?

तुम्ही दोन शहरांच्या हद्दीवर राहता. पलीकडे टायर बसलेली गाडी तीन दिवसांत उचलली गेली, अलीकडे तशीच गाडी महिनोन्‌महिने धूळ खात पडली आहे, आणि कायदा एकच असताना असं का, हा तुमचा प्रश्न. अशा गाड्यांवरच्या नोटिसा आणि त्यांवरच्या हरकती वाचणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वरचा कायदा बऱ्याचदा नुसती मुभा देतो. कॅलिफोर्नियात सलग ७२ तास एकाच जागी उभी असलेली गाडी उचलता येते, पण ज्या शहराने तसा स्वतःचा नियम मंजूर केला आहे त्यालाच. शेजारच्या शहराने केला नसेल, तर निदान त्या कलमाखाली त्याला गाडीला हात लावता येत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये मुदत अवघी १० तासांची आहे. तिथेही गणवेशातला पोलीस अधिकारी टोईंगची परवानगी देऊ शकतो इतकंच म्हटलंय, दिलीच पाहिजे असं नाही. मग क्रेन आहे का, उचललेली गाडी ठेवायला आवार आहे का, यावर सगळं येऊन ठेपतं. आवार भरलेलं असेल तर मुदत कागदावरच राहते.

माझ्या मते तासांपेक्षा मोठा घोळ व्याख्येचा आहे. इंग्लंडमध्ये १९७८ च्या कायद्याने बेवारस गाडी हटवणं स्थानिक कौन्सिलचं कर्तव्यच ठरवलंय, पण ‘बेवारस’ कशाला म्हणायचं हे कायद्यात लिहिलेलं नाही. सरकारी मार्गदर्शनात फक्त खुणा दिल्यात: मालकाची नोंद नाही आणि कर भरलेला नाही, बराच काळ हललेली नाही, मोडकळीला आली आहे, जळालेली आहे, नंबर प्लेट नाही, आत कचरा भरलाय. यांतली कोणती खूण किती धरायची, हे प्रत्येक कौन्सिल आपापलं ठरवतं. कर भरलेली, धड दिसणारी गाडी वर्षभर उभी असली तरी एखादं कौन्सिल तिला बेवारस म्हणणार नाही.

गाडी हलली नाही हे सिद्ध कसं करायचं, यातही फरक आहे. जुनी रीत खडूची: टायरवर रेघ ओढायची, हवा भरायच्या वाल्वचं तोंड घड्याळातल्या कुठल्या आकड्याकडे आहे ते लिहून ठेवायचं आणि मुदत संपली की पुन्हा बघायचं. अमेरिकेत २०१९ मध्ये मिशिगनमधल्या सॅगिनॉ शहराच्या खटल्यात एका अपील न्यायालयाने ही रेघ म्हणजे विनावॉरंट झडतीच ठरवली. २०२२ मध्ये सॅन डिएगोच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने तीच रीत चालवून घेतली.

खाजगी जागेत तर मुदतीच बदलतात. इंग्लंडमध्ये आधी जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणून पलीकडची गाडी रस्त्यावर होती आणि तुमची एखाद्या सोसायटीच्या आवारात आहे का, हे आधी बघा. रस्ताच दुसऱ्या खात्याच्या ताब्यात असेल, तर शहराकडे केलेली तक्रार नुसती फिरत राहते.

तक्रारीत ‘खूप दिवसांपासून’ असं लिहू नका. नंबर, नेमकी जागा, काही दिवसांच्या अंतराने काढलेले तारखेचे दोन फोटो द्या, आणि फोटोत वाल्व दिसू द्या. चाक, दार किंवा समोरची काच गायब असेल, तेल गळत असेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहा. कॅलिफोर्नियात सुटे भाग नसलेली, रस्त्यावर चालवण्याजोगी न राहिलेली गाडी धोका म्हणून दिसताक्षणी उचलता येते, ७२ तास थांबावं लागत नाही. भारतातही मोडकी किंवा जळालेली गाडी रहदारीला धोका ठरत असेल, तर १० तासांची वाट न बघता ती हलवता येते. मग आपल्या शहराला लेखी विचारा, की बेवारस ठरवायचा अधिकार कुठल्या अधिकाऱ्याचा आणि कुठल्या नियमाखाली. त्याचं उत्तर हातात आलं की पुढची तक्रार थेट त्याच अधिकाऱ्याच्या नावे करा.